भुलीनंतर म्हैस उठत नाही : उताऱ्याचं इंजेक्शन मागवण्याआधी काय तपासायचं

आरे, जोगेश्वरी, मालाड या पट्ट्यातल्या तबेल्यांतून येणाऱ्या फोनवर एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच बोलून दाखवतो : "डॉक्टरसाहेब, इंजेक्शन दिलं, काम झालं, पण म्हैस उठत नाही. उतारा घेऊन या." कधी खूर साळायला झायलाझिन हे गुंगीचं औषध दिलेलं असतं, कधी अंग (योनी किंवा गर्भाशय) बाहेर आलं म्हणून शेपटीच्या मुळाशी एपिड्युरल, म्हणजे मणक्यांच्या फटीतून मागचा भाग बधिर करणारं इंजेक्शन, दिलेलं असतं, कधी दोन्ही. बघणाऱ्याला फरक कळत नाही, कारण समोर चित्र एकच असतं. पाचशे किलोचं जनावर खाली आणि भोवती पाच माणसं, प्रत्येकाचा सल्ला वेगळा.

उतारा बहुतेक वेळा शेवटी येतो. काही प्रकारांत तर तो लागूच पडत नाही. म्हणून आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं : गुंगी डोक्याची आहे की पायांची? झायलाझिन मेंदूत आणि मज्जारज्जूत अल्फा-टू नावाच्या जागांवर जाऊन बसतं, त्यामुळे जनावर पेंगतं. त्या जागांवरून त्याला हुसकावणारी औषधं आहेत, त्यांनाच आपण उतारा म्हणतो. एपिड्युरलमधलं लिग्नोकेन मात्र नसेतला संदेशच थांबवतं. त्याला हुसकावणारं इंजेक्शन कोणाकडेच नाही. ते आपोआप ओसरेपर्यंत जनावर सांभाळायचं, एवढंच हातात असतं.

लक्षणं : नेमकं काय दिसतंय

मान खाली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, लाळेची तार, जीभ किंचित बाहेर, हाक मारली तर कान हलत नाही. ही डोक्याची गुंगी. म्हशीच्या बाबतीत सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे पेंडीची बादली वाजवायची. जागी म्हैस त्या आवाजाला कान फिरवणारच.

डोकं ताठ, डोळे टवटवीत, कदाचित रवंथही सुरू. पण उठताना पुढचे पाय टेकतात आणि मागचा भाग उचलत नाही. शेपूट दोरीसारखी लोंबते. ही पायांची गुंगी, म्हणजे एपिड्युरल.

तिसरा प्रकार फसवा. उतारा दिला, जनावर उठलं, चार पावलं चाललं, डॉक्टर गेले आणि तासा-दोन तासांनी परत मान टाकून बसलं. उताऱ्याचा अंमल आधी संपला आणि झायलाझिन अजून अंगात होतं.

चौथ्या प्रकारात घड्याळाप्रमाणे दोन्ही औषधांचा जोर संपायला हवा, जनावर शुद्धीत आहे, तरी उठत नाही. इथे भुलीला दोष देण्यात वेळ जातो. आजार दुसरा असतो आणि तो बऱ्याचदा इंजेक्शनच्या आधीपासूनच असतो.

पहिली तपासणी : बाटली आणि घड्याळ

याला पैसा लागत नाही. काय दिलं, किती दिलं, कुठे दिलं, किती वाजता दिलं. रिकामी बाटली कचऱ्यातून शोधून काढा आणि लेबलाचा फोटो काढा.

ताकद बघायची ती यासाठी. गुरांसाठी झायलाझिन साधारणपणे एका मिलीत २० मिलिग्रॅम असं येतं. घोड्यांसाठी आणि वन्यप्राण्यांसाठी एका मिलीत १०० मिलिग्रॅमचंही असतं. चारशे किलोच्या गायीला किलोमागे ०.१ मिलिग्रॅम द्यायचं तर ४० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे कमी ताकदीच्या बाटलीतून २ मिली. तेच २ मिली १०० मिलिग्रॅमच्या बाटलीतून ओढलं तर २०० मिलिग्रॅम गेलं, पाचपट. गाय-म्हैस या औषधाला घोड्यापेक्षा साधारण दहापट हळवी असते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या पाचशे किलोच्या घोड्याला शिरेतून साडेपाचशे मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तेवढ्याच वजनाच्या गायीला शिरेतून २५ ते ५० पुरतं. आरेशेजारच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्याला जे मिश्रण देतात त्यातही झायलाझिन असतं, पण त्या मात्रेचा आपल्या म्हशीशी काडीचा संबंध नाही. वशिंडाच्या जनावरांत, उदाहरणार्थ ब्राह्मन जातीत, युरोपी जातींपेक्षा गुंगी कमी मात्रेत चढते. म्हणून गीर, कांकरेज असली की मी खालच्या टोकापासूनच सुरुवात करतो.

आता घड्याळ. मांसात बेताच्या मात्रेने दिलेलं झायलाझिन असेल तर तास-दोन तासांत जनावर उठू लागतं, पूर्ण ताळ्यावर यायला आणखी वेळ जातो. मात्रा जास्त झाली असेल तर हा वेळ कितीतरी तासांनी लांबतो. एपिड्युरलमध्ये नुसतं लिग्नोकेन असेल तर तास-दोन तास. त्यात ॲड्रेनलिन मिसळलेलं असेल तर आणखी जास्त. एपिड्युरलमध्ये झायलाझिन दिलं असेल तर परिणाम सुरू व्हायलाच वीस-तीस मिनिटं लागतात आणि तो तीन-चार तास टिकतो. दोन्ही एकत्र दिली असतील तर पाच तास धरून चाला. मला फोन येतो तेव्हा बऱ्याचदा अजून चाळीस मिनिटंच झालेली असतात. अशा वेळी औषध चुकलेलं नसतं, आपल्यालाच घाई झालेली असते. म्हैस नीट बसलेली असेल, श्वास ठीक असेल, तर थांबा.

एक गोष्ट लगेच विचारा : केटामिन हे भुलीचं दुसरं औषधही दिलं होतं का? दिलं असेल तर उताऱ्याची घाई कोणीच करू नये, डॉक्टरांनीही नाही. झायलाझिन निघून गेलं आणि केटामिन मागे राहिलं तर जनावर ताठरतं आणि झटके देतं.

दुसरी तपासणी : ती कशी पडली आहे

आडवी पडलेली म्हैस आणि छातीवर बसलेली म्हैस यांत जगण्या-मरण्याचं अंतर असतं. आडव्या जनावराच्या पोटातला वायू ढेकरेने बाहेर पडत नाही, पोटातलं पाणी घशाशी येतं आणि फुफ्फुसात उतरतं. खालच्या बाजूचं फुफ्फुस नीट भरतही नाही. म्हणून पहिलं काम : छातीवर बसवा, पाठीमागून पेंढ्याच्या गासड्या किंवा रेतीच्या गोण्या लावा म्हणजे परत कलंडणार नाही. बसवता येतच नसेल तर निदान डावी बाजू वर ठेवा, कारण रूमेन, म्हणजे चारा आंबवणारं मोठं पोट, डावीकडे असतं. मान किंचित उंच आणि तोंड खाली, लाळ आणि पाणी बाहेर गळेल असं. मुस्की, वेसण, काढणी सैल करा. तोंडावर दोरीचा किंवा कडीचा दाब तासभर राहिला तरी चेहऱ्याची नस बधिर होते. आडवी असताना खालचा पुढचा पाय पुढे ओढून घ्या, नाहीतर खांद्यातली नस दाबून तो पाय लुळा पडतो. मग तेही भुलीच्याच नावावर जमा होतं.

दर दोन-तीन तासांनी तिला या कुशीवरून त्या कुशीवर वळवा. आपल्याकडचे तबेले सिमेंटचे. पाच-सहाशे किलोचं वजन एकाच मांडीवर पाच-सहा तास राहिलं की मांडीचे स्नायू रक्ताविना मरू लागतात, आणि मग गुंगी उतरली तरी उठायला पाय उरत नाही.

तिसरी : डावी कूस

डाव्या कुशीवर, शेवटची बरगडी आणि नितंबाचं हाड यांच्यामध्ये, हात ठेवा. खळगा असायला हवा. खळगा भरलाय, टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज येतोय, तर पोट फुगलंय. झायलाझिन रूमेनची हालचाल थांबवतं, आत आंबणं मात्र चालूच असतं. त्यातून कोणी सकाळी पोटभर गवत आणि भरडा घातलेला असला की विचारायलाच नको. मोठ्या जनावराला ठरलेल्या भुलीआधी वैरण १८ ते २४ तास बंद ठेवतात ती याचसाठी.

छातीवर बसवल्यावर बऱ्याचदा ढेकर येऊन खळगा दिसू लागतो. नाही दिसला, फुगा वाढतोय, श्वास उथळ होतोय, तर ही थांबण्याची वेळ नाही. पोटात नळी घालायला किंवा ट्रोकार (वायू काढायची जाड टोकदार नळी) मारायला डॉक्टर हवा, आत्ता. सुरी घेऊन कुशीत भोसकणारे शूरवीर मला भेटलेत. त्यांच्या जनावरांच्या पोटाच्या आवरणाला नंतर पू झाला.

चौथी : ऊन

मे आणि ऑक्टोबरमध्ये पत्र्याखाली ही तपासणी दुसऱ्या क्रमांकावर आणा. झायलाझिनमुळे अंगाचं तापमान सांभाळायची यंत्रणाच ढिली पडते, आणि म्हशीला मुळातच घाम कमी. मुंबईच्या दमट हवेत अंगावरचं पाणीही लवकर सुकत नाही, म्हणून नुसतं ओतून भागत नाही. पाणी आणि पंखा दोन्ही हवेत. गुदद्वारातून थर्मामीटर लावा. १०१-१०२ फॅरनहाइट ठीक. १०४ च्या वर गेलं तर सावली, पाणी, पंखा आणि फोन. उलट ९९ च्या खाली असेल आणि म्हैस नुकतीच व्यालेली असेल तर कॅल्शियमकडे संशय वळवा. त्याबद्दल खाली येतंच आहे.

भरपूर लघवी झाली म्हणून घाबरू नका. झायलाझिनने रक्तातली साखर वाढते आणि लघवी वाढते. मात्र उठल्यावर पाणी मुबलक हवं.

पाचवी : श्वास, हिरड्या, ठोके

एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. गुंगीत श्वास संथ होतोच, पण मिनिटाला आठच्या खाली गेला, किंवा तोंड उघडून मान ताणून श्वास घेतेय, तर पुढच्या सगळ्या तपासण्या बाजूला ठेवा. हिरडी गुलाबी हवी. निळसर किंवा पांढरी फटक म्हणजे धोका. काही म्हशींच्या हिरड्या काळ्या असतात, तिथे योनीच्या आतल्या कातडीचा रंग बघायचा. डाव्या कोपराच्या मागे कान किंवा हात लावून ठोके मोजा. एरवी साठ ते ऐंशी, झायलाझिनखाली पन्नासच्या आसपास आले तरी मी घाबरत नाही. चाळीसच्या खाली मात्र घाबरतो.

सहावी : शेपूट, आणि हीच सगळ्यात कामाची

एपिड्युरल दिलेल्या जनावरात मी सगळ्यात आधी शेपूट उचलतो. ती जड, लुळी, सोडली की धप्पकन पडणारी असेल तर औषध अजून काम करतंय. शेपटीत जोर आलाय, ती माश्या हाकलतेय, गुदद्वाराच्या कडेला टोचलं तर ते आकसतंय, आणि तरीही मागचे पाय उचलत नाहीत, तर पाय एपिड्युरलमुळे गेलेले नाहीत.

हे असं का? इंजेक्शन शेपटीच्या पहिल्या दोन मणक्यांच्या फटीत किंवा त्याच्या किंचित पुढे दिलेलं असतं. औषध तिथून पुढे, कमरेकडे सरकतं. जास्त मात्रा गेली तरच ते मागच्या पायांच्या नसांपर्यंत पोहोचतं. सगळ्यात दाट असतं ते शेपटीपाशी, सगळ्यात विरळ पायांच्या नसांपाशी. ओसरताना विरळ जागा आधी मोकळी होते. म्हणून पाय आधी यायला हवेत, शेपूट नंतर. क्रम उलटा दिसला तर कारण दुसरीकडे शोधा.

मोठ्या गायीला किंवा म्हशीला २ टक्के लिग्नोकेन पाच-सहा मिली पुरतं. साधा हिशेब म्हणजे शंभर किलोमागे एक मिली. पण अंग बाहेर आलेली म्हैस कळा देत राहते, पाच मिलीने कळा थांबेपर्यंत धीर धरवत नाही, आणि मग आणखी पाच, आणखी पाच असं होतं. दहाच्या वर गेलं की मागचे पाय लटपटू लागतात, त्याहून वर गेलं की म्हैस बसते. हे बसणं सहसा जिवावरचं नसतं. दोन-तीन तासांत उतरतं. त्या वेळात धोका एकच : ती अर्धवट उठायला जाते, ओल्या सिमेंटवर मागचे पाय दोन्हीकडे फाकतात आणि खुब्याचा सांधा निखळतो किंवा मांडीचे स्नायू फाटतात. म्हणून मागच्या दोन्ही पायांना घोट्याच्या वर मऊ पट्ट्याने एकमेकांशी बांधा, मधे हात-दीड हात अंतर राहील असं. पाय लुळे आहेत तोवर तिला उठवायचा प्रयत्न कोणी करायचा नाही.

आणि शेपूट पिरगाळणं बंद करा. एरवीही ते वाईटच, पण एपिड्युरलनंतर तर त्या शेपटीला काही कळतच नाही. तुम्ही जोर लावत जाता, ती हलत नाही, आणि मणका मोडतो. तबेल्यातली ही एक सवय मोडायला मला सगळ्यात जास्त बोलावं लागतं.

सातवी : जमीन

पावसाळ्यात निम्मं भांडण इथेच मिटतं. पाय शाबूत, डोकं जागं, पण खाली शेणाचा चिखल आणि घासून गुळगुळीत झालेली फरशी. दोनदा घसरलेली म्हैस तिसऱ्यांदा प्रयत्नच करत नाही. शेण खरवडून काढा, रेती किंवा लाकडाचा भुसा जाड पसरा, वर गोणपाट टाका. शेजारच्या जनावरांना बाजूला बांधा. गळ्यातला दोर एवढा लांब ठेवा की मान पुढे फेकता येईल. गाय-म्हैस मागून उठते आणि त्यासाठी तिला मान पुढे झोकावी लागते. मग बाजूला उभं राहून फक्त आवाज द्या. उठू लागली तर शेपटीच्या मुळाशी आधार द्यायचा, ओढायचं नाही.

जे अजिबात करू नका

गुंगीतल्या जनावराच्या तोंडात काहीही ओतू नका. काळा चहा, गूळपाणी, ताक, तेल, कुणाच्या आजोबांचा काढा, काहीच नाही. त्याला गिळता येत नसतं. ओतलेलं सगळं फुफ्फुसात जातं आणि तीन दिवसांनी न्यूमोनियाने जनावर जातं. तोवर सगळे भुलीचं नाव घेत असतात. पाणी आणि वैरण उभी राहिल्यावर, नीट गिळतेय हे बघून.

अॅट्रोपिनची बाटली बऱ्याच तबेल्यांत पडलेली असते. ते झायलाझिनचा उतारा नाही. हृदयाचे ठोके वाढवतं खरं, पण रूमेन आणखी थांबवतं आणि लाळ घट्ट करतं, म्हणजे पोटफुगीला आमंत्रण.

सुया-सिरिंजा उघड्या टाकू नका. झायलाझिन १९६२ साली शोधलं गेलं, आणि आधी ते माणसांच्या रक्तदाबावरचं औषध म्हणून आजमावलं होतं. माणसाचा रक्तदाब आणि श्वास त्याने इतका दबतो की तो नाद सोडावा लागला. कोणाला सुई टोचलीच तर जनावर सोडून आधी त्या माणसाला दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत द्या.

इथून पुढे डॉक्टरांचं काम

इथपर्यंतचं सगळं तबेल्यातला कोणीही शहाणा माणूस करू शकतो. पुढचं मी लिहितोय ते डॉक्टर काय आणि का करतात हे समजावं म्हणून, आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुलामुलींसाठी.

व्यालेल्या म्हशीत सगळ्यात आधी कॅल्शियम. अडलेली म्हैस सोडवायला एपिड्युरल दिलं, रेडकू निघालं, म्हैस उठत नाही. मालक म्हणतो इंजेक्शनने पाय गेले. कान गार, नाकपुडी कोरडी, मान बाजूला वळवून कुशीवर टाकलेली, शेण बंद, तापमान कमी. हा दुग्धज्वर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरणं. जास्त दुधाच्या, तिसऱ्या-चौथ्या विताच्या म्हशीत, विण्याच्या आसपासच्या तीन दिवसांत तो ठरलेला पाहुणा आहे. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट कोमट करून शिरेतून अगदी सावकाश, हृदयावर स्टेथोस्कोप ठेवून. झायलाझिनने ठोके आधीच मंद असतील तर दुप्पट सावकाश; घाईने दिलेलं कॅल्शियम हृदय थांबवतं. अडलेल्या विण्यात कमरेच्या आतली नसही दाबली जाते. अशा जनावराचे मागचे पाय बाहेर फाकतात, शेपूट मात्र चांगली चालते. बघा, परत शेपूटच.

मग उतारा. डोक्याची गुंगी आहे, श्वास दबलाय किंवा पोट फुगतंय किंवा मात्रा जास्त झाल्याची खात्री आहे, तरच. नुसती मालकाला घाई आहे हे कारण नाही.

टोलाझोलिन गुरांत चांगलं चालतं. किलोमागे ०.५ ते २ मिलिग्रॅम शिरेतून, हळूहळू. मी खालच्या टोकाला राहतो, कारण वरच्या मात्रांना रक्तदाब कोसळणं आणि मृत्यू नोंदलेले आहेत. योहिंबिन किलोमागे ०.१२५ मिलिग्रॅम, वन्यप्राण्यांसाठी ते अनेकांच्या पेटीत असतं, पण गायी-म्हशींत त्याच्या एकट्याच्या भरवशावर मी राहत नाही, कधी उठवतं कधी नाही. अॅटिपॅमेझोल सगळ्यात नेमकं आणि सगळ्यात महाग, किलोमागे ०.०२ ते ०.०६ मिलिग्रॅम. तिन्हींत घाई नको. बरेच जण अर्धं शिरेतून आणि अर्धं मांसात देतात, म्हणजे जनावर एकदम दचकून उठत नाही आणि मांसातला साठा पुढचा तासभर पुरतो. परत गुंगी येण्याचा तिसरा प्रकार बऱ्याच अंशी याने टळतो. तरी उठल्यानंतर तीन-चार तास कोणीतरी लक्ष ठेवायचंच.

उताऱ्याबरोबर वेदनाशमनही उतरतं, हे फार कमी जण मालकाला सांगतात. खुराची शस्त्रक्रिया झालेली म्हैस उतारा मिळताच जागी होते ती ठणकत्या पायावर, आणि मग दुखण्याने बसते. लोक म्हणतात उतारा लागला नाही. म्हणून उताऱ्याच्या आधीच मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक टोचलेलं बरं. डायक्लोफेनॅक नाही, जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे. ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर, पारशांच्या अंत्यविधीच्या जागी, ती आता उतरत नाहीत, त्याचं मूळ अशाच इंजेक्शनांत आहे.

एपिड्युरलमध्ये झायलाझिन दिलेलं असेल तर एक सोय आहे. ते थोडं रक्तात उतरतं, त्यामुळे शेपटीत सुई देऊनही मान पेंगते आणि रूमेन मंदावतं. अशा वेळी टोलाझोलिनची अगदी लहान मात्रा, किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, शिरेतून दिली तर डोकं आणि रूमेन जागं होतं, पण शेपटीकडचा बधिरपणा तसाच राहतो. टाके घालायचं काम अर्ध्यावर असेल तर हे फार उपयोगी. लिग्नोकेनच्या बधिरपणाला मात्र हात लागत नाही, हे पुन्हा सांगतो. तिथे उताऱ्याची दुसरी, तिसरी बाटली फोडणं म्हणजे पैसे गटारात आणि हृदयावर ताण.

गाभण म्हैस, शेवटचे महिने : झायलाझिनने गर्भाशय आकसतं. उतारा पुढे काय करेल याच्या चर्चेपेक्षा ते औषध टाळता आलं असतं का, हा विचार सुई भरण्याआधीचा.

कधी थांबायचं आणि फोन करायचा

लगेच, वाट न बघता : हिरड्या निळ्या किंवा पांढऱ्या, श्वास मिनिटाला आठच्या खाली किंवा तोंड उघडून, ठोके चाळीसच्या खाली, डावी कूस ढोल झालेली आणि छातीवर बसवूनही उतरत नाही, नाकातून हिरवं पाणी, छातीवर बसवताच येत नाही, तापमान १०४ च्या वर किंवा ९९ च्या खाली, बाटली चुकीच्या ताकदीची निघाली.

त्याच दिवशी : झायलाझिननंतर दोन तास उलटले आणि मानही उचलत नाही. नुसत्या लिग्नोकेनच्या एपिड्युरलनंतर चार तास, लिग्नोकेन-झायलाझिन एकत्र दिल्यावर सहा तास होऊन उठत नाही. शेपूट आली, पाय नाहीत. सिमेंटवर सहा तास झाले, कारण काहीही असो. उठून परत बसली.

डॉक्टरांनीही एका ठिकाणी थांबायचं असतं. कॅल्शियम देऊन झालं, बधिरपणा ओसरला, तरी उठत नाही आणि खुब्याचा किंवा ओटीच्या हाडाचा संशय आहे, तर तबेल्यात चेन पुलीला टांगून प्रयोग करत बसू नये. कमरेच्या हाडाला लावून जनावर उचलायचा चाप थोड्या वेळापुरता, चाचणीसाठी. त्याला तासन्‌तास लटकवलेलं जनावर आणखी खराब होतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा मोठ्या जनावरांच्या रुग्णालयाच्या तज्ज्ञांना बोलवा. परळला १८८६ पासून पशुवैद्यक शिकवलं जातंय; मुंबईत या बाबतीत आपण गावाकडच्यांपेक्षा नशीबवान आहोत, फक्त ट्रॅफिकमध्ये जनावर हलवायचं की तज्ज्ञ आणायचा हे आधी फोनवर ठरवा. बसलेली म्हैस टेम्पोत चढवताना जितकं नुकसान होतं तितकं कधीकधी मूळ दुखण्याने होत नाही.

फोन करताना हे हाताशी ठेवा : अंदाजे वजन, बाटलीचा फोटो, दिलेले मिली आणि वेळ, कधी व्याली, शेवटची वैरण केव्हा, मिनिटाचे श्वास, तापमान, आणि शेपूट हलते की नाही.

दूध वेगळं काढा आणि रतिबात मिसळू नका. दुधात औषधाचे अंश राहण्याबद्दलच्या अमेरिकेतल्या सल्ल्यात झायलाझिनसाठी २४ तास आणि टोलाझोलिनसाठी ४८ तास दूध बाजूला ठेवायला सांगतात, योहिंबिनसाठी ७२ तास. तुमच्या जनावराला प्रत्यक्ष काय आणि किती दिलं त्यावर डॉक्टर नेमका अवधी लिहून देतील. तो कागदावर घ्या, तोंडी नको, कारण संध्याकाळी दूध काढणारा माणूस दुसराच असतो.